झानदामची हिरवी घरं, रॉटरडॅमचे पिवळे ठोकळे आणि आमचा वाडा

बहीण गेली काही वर्षं नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हीनला राहते. तिथे आता इतके भारतीय आहेत की किराणा दुकानात गोडा मसाला पण मिळतो. यावेळी आईला घेऊन गेले. ॲमस्टरडॅमचे कालवे, ट्युलिप वगैरे सगळं बघून झालं होतं आणि मी बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं की मला शेवटचे तीन दिवस फक्त इमारती बघायच्यात. त्यातही झानदाम. कारण तिथल्या एका हॉटेलचा फोटो मी बरीच वर्षं जपून ठेवलाय, एकावर एक रचलेली हिरवी घरं, आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात पातेली कशी एकात एक एकावर एक ठेवतात तशी.

थोडं मागचं सांगते, नाहीतर मी एवढी का वेडावले ते कळणार नाही. पुण्यात कसब्यात आमचा वाडा होता. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, वर लाकडी सज्जा, भिंतींना नीळ घातलेला चुना आणि दरवाज्यांना हिरवा ऑइलपेंट. २०११ मध्ये तो पाडून तिथे सात मजली बिल्डिंग झाली. वाडा खरंच मोडकळीला आला होता, तुळया पोखरल्या होत्या, पाडायला नको होता असं मी म्हणत नाही. पण नवीन बिल्डिंग बघून कोणालाही सांगता येणार नाही की ही कसब्यात आहे की वाकडला. आई लग्न होऊन त्या वाड्यात आली, चाळीस वर्षं राहिली, आणि आज त्याच जागेवर राहूनही ती "आपल्या घरी" म्हणते तेव्हा तिला वाडा म्हणायचं असतं.

दिवस पहिला : झानदाम

ॲमस्टरडॅम सेंट्रलवरून ट्रेन पकडली की बारा-एक मिनिटात झानदाम. आपलं शिवाजीनगर ते पिंपरी याच्यापेक्षा जास्त वेळ खातं. आईला वाटलं आत्ता तर बसलो. स्टेशनातून बाहेर आलो आणि तिघी जणी जिन्याच्या तोंडाशीच थांबलो, मागून लोक यायला लागले तरी हलेना कोणी.

समोर नगरपालिकेची इमारत, प्रचंड मोठी, पण आकार घराचा. उतरती छपरं, त्रिकोणी माथे, हिरव्या आडव्या पट्ट्या आणि पांढऱ्या किनारी. आणि तिला लागून ते हॉटेल. फोटोत बघून कल्पना येत नाही हो. बारा मजले आहेत आणि त्यावर जवळजवळ सत्तर घरं चिकटवल्यासारखी बाहेर आली आहेत, कुठलं दोन फूट पुढे तर कुठलं मागे, कुणाचा माथा घंटेसारखा गोल तर कुणाचा साधा त्रिकोणी, एखादं साधं कामगाराचं घर आणि त्याच्या डोक्यावर ऐटीत बसलेलं नोटरीचं घर. सगळी हिरवी, पण हिरवे चार वेगवेगळे, गर्द बाटलीपासून पार फिक्या पोपटीपर्यंत. आणि वरच्या बाजूला सगळ्या हिरव्यात एकच घर निळं.

त्या निळ्याची गोष्ट अशी की फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८७१ च्या जूनमध्ये इथे आला होता, चारेक महिने राहिला आणि तेवढ्यात त्याने पंचवीस चित्रं काढली. त्यातलं एक झानदाममधल्या निळ्या घराचं आहे. आर्किटेक्ट विलफ्रीड फान विंडन यांनी ते घर उचलून हॉटेलच्या माथ्यावर नेऊन ठेवलं. हॉटेल २०१० मध्ये उघडलं, तेव्हा १६० खोल्या होत्या.

आईने वर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अगं, निळीचा चुना." बास, एवढंच. पण मला गलबलून आलं.

आता हे हिरवं कुठून आलं ते सांगते कारण त्याशिवाय ही इमारत म्हणजे नुसती गंमत वाटेल. झान नदीच्या काठची जमीन म्हणजे दलदल, पायाखाली मऊ माती, विटांचं जड घर खचायचं. म्हणून लोक लाकडाची हलकी घरं बांधायचे. आणि लाकूड तर हवं तेवढं, कारण जवळच्याच गावच्या एका शेतकऱ्याने सोळाव्या शतकाच्या शेवटी पवनचक्कीला करवत जोडायची युक्ती काढली आणि या काठावर लाकूड कापणाऱ्या चक्क्यांचा धडाका सुरू झाला. एकेकाळी इथे सहाशेच्या आसपास पवनचक्क्या एकाच वेळी फिरत होत्या, लाकूड कापायला, तेल गाळायला, कागद करायला, रंग दळायला. म्हणजे जगातल्या पहिल्या एमआयडीसींपैकी ही एक. तेव्हाच्या त्या लाकडी घरांना हिरवा रंग द्यायची पद्धत पडली आणि आजही त्याला झानचा हिरवा असंच म्हणतात.

मग विसाव्या शतकात या गावाचं जे झालं ते आपल्याला नीट कळेल. रेल्वे आणि हमरस्ता यांनी गावाचे दोन तुकडे केले, स्टेशन एकीकडे आणि बाजारपेठ दुसरीकडे, मधे गाड्याच गाड्या. मुख्य रस्त्याचं नावच खेडेम्प्टे ख्राख्त, म्हणजे बुजवलेला कालवा (डच लोकांचा ग म्हणजे आपला घशातला ख, आईने दोन दिवसात माझ्यापेक्षा छान शिकला). १८५८ मध्ये तो कालवा बुजवला होता. २००३ च्या सुमाराला शूर्ड सूटर्स या आर्किटेक्टकडे सगळ्या मध्यवर्ती भागाचा आराखडा गेला, त्या प्रकल्पाचं नाव इन्व्हरडान. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, हमरस्ता जागेवरच ठेवला आणि त्याच्या वरून लोकांना चालायला उंच चौक बांधला, म्हणजे स्टेशनातून निघालं की खाली गाड्या वाहतायत हे जाणवत पण नाही आणि तुम्ही थेट बाजारात उतरता. नवी नगरपालिका याच चौकाला धरून उभी केली, ती २०११ ची. दुसरं, बुजवलेला कालवा परत उघडला. दीडशे वर्षांनी त्या रस्त्यात पाणी आलं! रस्त्याचं नाव मात्र अजून बुजवलेला कालवाच आहे आणि ते बदललं नाही हे मला फार आवडलं.

त्या रस्त्यावरून खाली उतरत गेलो. मधे अरुंद पाणी, त्यावर छोटे पूल, दोन्ही बाजूला दुकानं आणि दुकानांच्या वर माथेच माथे. हिरवे, पांढरे, काळे, विटकरी. कपड्यांची, बर्गरची तीच दुकानं जी जगात सगळीकडे असतात, पण वर बघितलं की तुम्ही झानदाममध्येच आहात, दुसरीकडे कुठे असूच शकत नाही.

नेदरलँड्समधल्याच कितीतरी आर्किटेक्ट लोकांनी याला डिस्नेलँड म्हणून नाक मुरडलं. मॉडर्न आर्किटेक्चरचा विचार असा होता की सजावट नको, आठवणी नकोत, काच काँक्रीट पांढरी भिंत आणि सरळ रेषा, इमारत जे काम करते तेच तिने दाखवायचं. त्याला विरोध करत नंतर आलेले पोस्टमॉडर्नवाले म्हणाले की माणूस फक्त काम करायला इमारतीत जात नाही, त्याला ओळख लागते, रंग लागतो, कमान लागते. फान विंडन स्वतः याला फ्यूजन म्हणतात, जुनं आणि नवं, इथलं आणि बाहेरचं एकात एक मिसळायचं. मी काही आर्किटेक्ट नाही, पण मला डिस्नेलँडचा आरोप पटत नाही. डिस्नेलँड कुठेही उभारता येतं. हे हॉटेल तिथून उचलून दुसऱ्या गावात ठेवलं तर त्याला काही अर्थच उरणार नाही.

नगरपालिकेबद्दल मात्र मन थोडं खट्टू झालं हे खरं. आकार घराचा ठेवला पण माप राक्षसाचं झालंय, जवळ गेलं की घर वाटायचं थांबतं आणि नुसती हिरवी भिंत उरते. हॉटेलमध्ये प्रत्येक घर खऱ्या घराएवढंच आहे, त्याची खिडकी माणसाएवढी आहे, म्हणून ते जिवंत वाटतं.

रात्री त्याच हॉटेलमध्ये राहिलो. महाग पडलं, पण बहिणीने हट्टाने बुक केलं होतं, "ताई, एवढी वर्षं फोटो बघतेयस, आता आत झोप." खोली साधी, नीटनेटकी, भिंतीवर झानच्या जुन्या दिवसांचा मोठा फोटो. आईने पडदा सारला आणि पहिला प्रश्न विचारला, "आपण कुठल्या घरात आहोत?" आता हे आतून कळतच नाही! आत कॉरिडॉर, नंबर, सगळं कुठल्याही हॉटेलसारखं. घर फक्त बाहेर आहे. हा या इमारतीचा सगळ्यात मोठा उणेपणा आणि तो आईने एका वाक्यात पकडला.

दिवस दुसरा : आपलं घर शोधलं, मग पवनचक्की

सकाळी निघताना आईने खिडकीच्या दांडीला आपली लाल शाल बांधली, काचेतून दिसेल अशी. खाली आलो, चौकात उभं राहून मजले मोजले, आणि सापडली शाल. गर्द हिरव्या रंगाचं छोटं घर, त्रिकोणी माथा, माथ्याच्या टोकाला पांढरी नक्षी, शेजारचं पोपटी घर थोडं पुढे आलेलं त्यामुळे आमच्या घरावर त्याची सावली. जवळ जाऊन तळमजल्याच्या फळ्या बघितल्या. एकावर एक किंचित चढवलेल्या आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीची खालची कड खालच्या पट्टीवर बोटभर आलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता घरंगळून जावं. जुन्या लाकडी घरांना अशाच पट्ट्या असायच्या. आईने हात फिरवला आणि म्हणाली कौलांसारखंच आहे की, उभं केलेलं. अगदी तसंच.

मग चालत झार पीटरचं घर बघायला गेलो. रशियाचा झार पीटर जहाजबांधणी शिकायला १६९७ च्या ऑगस्टमध्ये इथे आला आणि एका लोहाराच्या घरात आठवडाभर राहिला. घर १६३२ चं, लाकडाचं, इतकं छोटं की आत चार माणसं उभी राहिली की गर्दी. आता ते सगळं वाकडं झालंय आणि त्याच्यावर १८९५ मध्ये विटांची एक पूर्ण इमारत बांधली आहे, म्हणजे घराच्या पोटात घर. मी तिथे उभं राहून विचार करत होते की याच गावाने जुनं सांभाळायच्या तीन वेगळ्या रीती दाखवल्या, एक झाकून ठेवायचं, दुसरी उचलून दुसरीकडे न्यायचं, तिसरी नवीन इमारतीच्या अंगावर घालायचं.

उचलून नेलेलं बघायला झान्से स्खान्सला गेलो. ट्रेनने दोन स्टेशनं पुढे. उतरल्या उतरल्या हवेत कोकोचा वास, कारण कोकोचे कारखाने अजून या पट्ट्यात आहेत. बोर्नव्हिटाचा डबा उघडल्यावर येतो ना, तसा, पण अख्ख्या रस्त्याला. १९६१ पासून पुढे झान भागातली पाडली जाणारी लाकडी घरं आणि चक्क्या सोडवून, काही तर आख्ख्याच्या आख्ख्या, इथे नदीकाठी आणून ठेवल्या. गर्दी भयंकर, सेल्फी, चीज, लाकडी बूट, सगळं आहे, ते मी सोडून देते.

मला जायचं होतं ते दे कात नावाच्या चक्कीत. कात म्हणजे मांजर. ही रंग दळणारी चक्की आहे, आणि वाऱ्यावर चालणारी अशी चक्की आता जगात दुसरी नाही. आत गेलं की आधी आवाज. वर पाती फिरतायत आणि त्यांचा घुमारा लाकडातून खाली पायापर्यंत येतो. मधे दोन भलेमोठे दगड, जात्यासारखे आडवे नाहीत, चाकासारखे उभे, एकमेकांमागे गोल फिरतायत आणि त्यांच्याखाली खडूचा दगड चिरडला जातोय. त्यांच्याबरोबर एक लाकडी पट्टी फिरते, ती बाजूला सांडलेली पूड परत दगडाखाली ढकलते, दगड जातो, पट्टी येते, दगड जातो, पट्टी येते. सगळ्या तुळयांवर पांढरी धूळ बसलेली. आजी दिवाळीत मोठ्या उखळात रांगोळीचा दगड कुटायची तेव्हा माजघर असंच पांढरं व्हायचं. पूर्वी इथे परदेशातून आलेलं रंगाचं लाकूड पण बारीक करायचे.

शिडीवजा जिन्याने वर सज्जात जाता येतं, आई काही चढली नाही, खालीच बसली. मी आणि बहीण गेलो. पाती अगदी अंगावरून जातात, फडाफड, आणि समोर नदीपलीकडे ती सगळी हिरवी घरं रांगेत.

खाली आलो तर आई काउंटरवर. तिथे काचेच्या बरण्यांमधे रंगाच्या पुडी, गेरू, पिवळी माती, निळा, काळा, हिरवा. आईने तिथल्या माणसाला बहिणीमार्फत विचारलं की हे कशात कालवतात. तो म्हणाला जवसाच्या तेलात. आईचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आमच्या वाड्याच्या खांबांना दर दिवाळीआधी जवसाचंच तेल चोळायचे, फडक्याने, आणि तो वास आठवडाभर घरात राहायचा. इथे तेच तेल गाळायच्या चक्क्या शेजारीच उभ्या आहेत. आईने हिरव्या पुडीचं एक पाकीट घेतलं. मी विचारलं काय करणार याचं, तर म्हणाली बघू.

रात्री बहिणीकडे परत. पिठलं-भात.

दिवस तिसरा : रॉटरडॅम

हे बहिणीचं आवडतं शहर, तिला झानदाम जरा गोड-गोड वाटतं. सकाळी ट्रेनने ब्लाक स्टेशनला उतरलो. पाऊस होता, आईचे बूट ओले झाले, त्यामुळे आधी कॉफी.

रॉटरडॅमची गोष्ट वेगळी. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी पंधरा मिनिटांच्या आसपास बॉम्ब टाकले आणि मग आग लागली. शहराचा मधला भाग गेला, ऐंशी हजार लोक एका दिवसात बेघर. सेंट लॉरेन्सचं चर्च जळक्या भिंतींनी उभं राहिलं. ती आग जिथवर पोचली ती हद्द आज शहरभर रस्त्यात दिवे बसवून दाखवली आहे. फुटपाथवर लाल खूण असलेला एक गोल दिवा दिसला, त्याच्या एका बाजूला जुन्या विटांची घरं आणि दुसऱ्या बाजूला सगळं नवं. आई त्या दिव्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली.

युद्धानंतर त्यांनी जुनं परत बांधायचं नाही असं ठरवलं. रुंद रस्ते, सरळ ब्लॉक, ऑफिसं. पण सत्तरच्या दशकात लोक म्हणायला लागले की शहराच्या मधोमध राहतंय कोण, संध्याकाळी सगळं ओस पडतं. म्हणून जुन्या बंदराजवळ पीट ब्लोम यांना घरं बांधायला दिली आणि १९८४ मध्ये ते पिवळे ठोकळे तयार झाले. घन आकाराचं घर एका कोपऱ्यावर उभं केलेलं, खाली षटकोनी खांब. ब्लोम यांची कल्पना अशी की प्रत्येक घर एक झाड आणि सगळी मिळून जंगल. ३८ लहान घरं आणि दोन मोठी. शेजारी पेन्सिलीसारखा टोकदार टॉवर, तो पण त्यांचाच. याला पोस्टमॉडर्न म्हणायचं की नाही यावर जाणकार वाद घालतात, मला त्यात पडायचं नाही.

त्यातलं एक घर बघायला उघडं आहे, तिथे मी गेले. अरुंद, चढा जिना. पहिल्या मजल्यावर भिंती बाहेरच्या बाजूला झुकतात, म्हणजे जमीन लहान आणि वर जागा जास्त. मधल्या मजल्यावर झोपायची खोली. सगळ्यात वर तिन्ही बाजूंनी खिडक्यांचा डोलारा, एखाद्या मोराच्या पिंजऱ्यात बसल्यासारखं. शंभर चौरस मीटरच्या घरातली पाव जागा तिरक्या भिंतींमुळे वापरताच येत नाही. कपाट लावायला एक सरळ भिंत नाही! पण खिडकीतून खाली बघितलं तर सगळ्या घरांच्या मधे एक छोटं अंगण, कुंड्या, एक सायकल, आणि एक आजोबा खुर्ची टाकून बसलेले. चौक. अगदी आमच्या वाड्याचा चौक. मी वरूनच आईला फोन करून सांगितलं, तू खाली जिथे बसलीयेस ना तो चौक आहे. ती म्हणाली, "मला माहितेय, मी मघाशीच ओळखलं."

तिथून समोर मार्कटहाल, म्हणजे छताखालचा बाजार, २०१४ चा. चाळीस मीटर उंच कमान आणि कमानीच्या जाडीत २२८ फ्लॅट, आतल्या बाजूला छतभर फळं भाज्या मासे फुलं यांचं अवाढव्य चित्र, अकरा हजार चौरस मीटर. काही फ्लॅटच्या खिडक्या त्या चित्रात उघडतात, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या मधे एखादी बाई पडदा सरकवताना दिसते. भारी आहे. पण तिथे फार वेळ रमलो नाही, गोंगाट होता, आणि आईला भूक लागली होती.

परतीच्या ट्रेनमध्ये तिघींचं बरंच बोलणं झालं. बहिणीचं म्हणणं, रॉटरडॅमने प्रामाणिकपणा दाखवला, गेलं ते गेलं, नवीन काढलं. मी म्हटलं त्यांचं बॉम्बने गेलं, झानदामचं रस्त्यांनी गेलं, आणि आपलं एफएसआयने, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करता येतं म्हणून. बॉम्ब पडला असता तर मलाही कदाचित सगळं नवीनच हवं झालं असतं. पण आपण स्वतःच्या हाताने पाडतो तेव्हा काय काय पाडतोय त्याची निदान यादी करायला हवी होती. आमच्या बिल्डिंगला एक सज्जा ठेवला असता, दोन रंग ठेवले असते, पार्किंगच्या जागेत मधे चौक ठेवला असता, तर खर्च किती वाढला असता? त्यावेळी मीटिंगमध्ये आम्ही कोणीच हे विचारलं नाही. मी पण नाही. सगळे कार्पेट एरियावर भांडत होतो.

आई खिडकीबाहेर बघत होती. ती एकदम म्हणाली, "दरवाजा तर आपलाच आहे ना."

आम्हाला दोघींना कळेना. मग तिने सांगितलं की सोसायटी बाहेरचा रंग बदलू देणार नाही, ठीक आहे, पण फ्लॅटचा दरवाजा आपला. वाड्याच्या दिंडी दरवाज्याची कडी आणि कोयंडा वडिलांनी पाडकामाच्या वेळी काढून ठेवलेत, माळ्यावर गोणपाटात गुंडाळून.

पुण्यात येऊन आता दहा दिवस झाले. कडी काढली, चिंचेने घासली, पितळ वर आलं. मंडईमागच्या दुकानातून जवसाचं तेल आणलं, आईने वाटीत चमचाभर हिरवी पूड कालवून जुन्या पाटावर दोन हात मारून बघितले, पहिला फार गर्द वाटला म्हणून दुसऱ्यात थोडा खडू मिसळला. हे तेल सुकायला वेळ घेतं, पाट तीन दिवस गॅलरीत ठेवलाय आणि घरभर तो वास आहे. सुतार रविवारी येतोय.